श्रोत्यांची केवायसी

बँकेत चिकटल्यापासून मी एकच मंत्र जपत आलो आहे: गिऱ्हाईक ओळखा. आमच्या भाषेत केवायसी. समोरच्या आजोबांना मी पंधरा वर्षं ओळखत असतो, त्यांच्या नातवाच्या बारशाचे पेढे (कंदी, सातारचे) खाल्लेले असतात, तरी आधार कार्डाची झेरॉक्स घेतल्याशिवाय ते तेच आहेत असं मला म्हणता येत नाही. हा नियम रेडिओवाल्यांना कुणी कसा लावला नाही, याचं मला अलीकडे फार आश्चर्य वाटतं.

पूर्वी त्याची गरजही नव्हती म्हणा. आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं 1963 साली. म्हणजे ते माझ्यापेक्षा वयानं मोठं, आणि आमच्या घरात त्याला तसाच मान होता. सकाळी निवेदक बोलायला लागले की वडील दाढीचा ब्रश थांबवत. गाणं लागण्याआधी चित्रपट कुठला, गीतकार कोण, संगीतकार कोण, हे सगळं ओळीनं, न अडखळता, सात-बाऱ्याचा उतारा वाचावा तसं सांगितलं जाई. आमची आत्या चौथी पास. पण नुसतं सुरुवातीचं व्हायोलिन ऐकून मदनमोहन की रोशन हे ती पोळी उलटता उलटता सांगे. तिची सगळी युनिव्हर्सिटी फडताळावर होती आणि तिला दोन सेल लागत.

हे ज्ञान मिरवायचं नसे, ही त्यातली गंमत. गदिमा आपल्याच जिल्ह्यातले, आटपाडीकडच्या शेटफळ्याचे, हे मला शाळेच्या आधी रेडिओनं सांगितलं. पुणे केंद्रावरून 1955-56 मध्ये वर्षभर गीतरामायण चाललं, छप्पन गाणी. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. छप्पन हप्त्यांची अशी वसुली आमच्या कर्ज विभागाला एकदा तरी जमावी, ही माझी जुनी इच्छा आहे.

पण नुसत्या ज्ञानानं भागत नाही, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर हा लेख ‘आमच्या वेळी’ या सदरात जमा व्हायचा. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस मराठी, विद्वान, शास्त्रीय संगीताचा मोठा कैवारी. त्यांनी सिनेसंगीताला आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारच केलं. केसकरांना संगीत कळत होतं, गिऱ्हाईक कळत नव्हतं. गिऱ्हाईकानं काय करावं? खातं उचललं आणि समुद्रापलीकडच्या शाखेत नेलं! रेडिओ सिलोनवर त्याच वर्षाच्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठला गल्ल्या ओस पडू लागल्या. सरकारला शहाणपण सुचून विविध भारती निघाली ती 1957 च्या ऑक्टोबरात.

गीतमालेच्या अमीन सायानींकडे दोन्ही गोष्टी होत्या. गाण्याची कुंडली पाठ, आणि ऐकणाऱ्याचीही. लाखो लोकांशी बोलताना हा गृहस्थ फक्त आपल्याशीच बोलतोय असं प्रत्येकाला वाटायचं. ‘बहनों और भाइयों’ म्हणताना ते बहिणींना आधी घेत, हे आमच्या आत्यानं नोंदवून ठेवलं होतं. सिलोनवरच सकाळी आठला तीन मिनिटं कमी असताना सैगलचं गाणं लागे. आमच्या वाड्यातले एक काका त्यावर घड्याळ लावत आणि घड्याळ पुढे असलं तर घड्याळाला शिव्या देत, सिलोनला नाही. सायानी 2024 च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा आमच्या शाखेतला शिपाई म्हणाला, “साहेब, आवाज पण मरतो का हो?” मी व्हाउचरवर शिक्का मारत बसलो.

आता आरजे आले. देशात खासगी एफएम 2001 साली सुरू झालं आणि पुढे आमच्याकडच्या गावांतही पोचलं. आवाज फक्कड, दमसास असा की दोन जाहिरातींच्या मध्ये श्वास घेत नाहीत. पण गाणं कुणाचं, हे विचारायचं नाही. एकदा सलग तीन गाणी आशाबाईंची लागली. आशाबाईंचा जन्म 1933 साली सांगलीचा, वडील दीनानाथ याच मातीत नाटक कंपनीचा संसार मांडून बसलेले. सांगलीकरांशी बोलणाऱ्याला एवढं एक वाक्य टाकायला काय हरकत होती? तो म्हणाला, “कसलं कूल गाणं आहे ना, गाईज!” आत्या असती तर तिनं आधी ‘गाईज’ म्हणजे कुठलं गाव ते विचारलं असतं.

हे चालवून घेता येतं. पण 2019 चा ऑगस्ट मला चालवून घेता येत नाही. मी सातारच्या शाखेत, घर सांगलीत. कृष्णा फुगलेली. कृष्णाकाठी फूट हे लांबीचं माप नसतं. आयर्विन पुलाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, एवढं शेंबडं पोरही जाणतं. पाणी तेव्हा पन्नाशी ओलांडून सत्तावन्नाकडे निघालं होतं. फोन लागेना म्हणून कानाला रेडिओ लावला, तर कुठल्याशा वाहिनीवर (नाव सांगत नाही) एक हसरा आवाज म्हणत होता की मौसम रोमँटिक आहे, भजी तळा आणि भिजायला बाहेर पडा. कढई माळ्यावर आणि माणसं गच्चीवर होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

त्या पोराला तरी किती बोलावं? गाणी निवडायचं काम त्याचं नाही. यादी वरून येते, चाललेल्या गाण्यांतली सर्वांत चालणारी. वाहिनीनं लिलावात पैसे मोजलेले, ते जाहिरातींतून काढायचे. जास्त माहिती सांगितली तर लोक बटण फिरवतील, अशी मालकाला धास्ती. मी कॉमर्सचा, मला हा हिशेब कळतो. कळत नाही एवढंच, की केसकरांनी ‘लोकांना काय हवं ते आम्हाला विचारायचं नाही’ म्हटलं आणि हे ‘लोकांना हेच हवं’ म्हणतात, पण विचारलं दोघांनीही नाही. आकाशवाणीकडे जाणते लोक अजून आहेत. पण कायमच्या जागा भरायच्या नाहीत आणि ड्यूटीमागे मोजके पैसे देऊन नैमित्तिक निवेदक बोलवायचे, यात आत्याला शिकवील असा माणूस किती दिवस टिकणार?

परवा मी एक फर्माईश पाठवायची ठरवली. पद्धतशीर, पोस्टकार्डावर. पोस्टात जाऊन एक कार्ड मागितलं. खिडकीतल्या गृहस्थानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तीन ड्रॉवर उघडले, शेवटी तळातनं एक गठ्ठा काढला. पन्नास पैसे. मी रुपया ठेवला. त्यानं सुट्ट्यासाठी गल्ल्यात हात घातला, थांबला, आणि म्हणाला,

“फर्माईश का हो? मग दोन घ्या. एकावर माझं नाव घाला.”