रॉबर्टसनची यादी

चार्ल्स रॉबर्टसन यांचे 'फ्लॉवर्स अँड इन्सेक्ट्स' (१९२८) हे पुस्तक सलग वाचवत नाही. ४५३ वनस्पतींची फुले आणि प्रत्येक फुलावर आलेल्या कीटकांची लॅटिन नावे, याद्यांमागून याद्या. तरीही रानटी मधमाश्यांवर इतके उपयोगी पुस्तक आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

रॉबर्टसन अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या कार्लिनव्हिल गावी कॉलेजात शिकवीत. गावाभोवतीच्या सुमारे १६ किलोमीटरच्या टापूत त्यांनी तीसेक वर्षे फुले न्याहाळली. माशी नुसती मध पिते की परागही गोळा करते, हे त्यांनी वेगळे नोंदवले. त्यामुळेच अँड्रिना एरिजेनी या, जमिनीत बीळ करणाऱ्या माशीचे वसंतात फुलणाऱ्या क्लेटोनियाशी असलेले खास नाते कळते. पोळी मोजून हे कळले नसते. (या माशीला पोळेच नसते!)

पुस्तकातला मोठा दोष म्हणजे कोणत्या फुलापाशी किती वेळ घालवला, हे यादी सांगत नाही. याचा त्रास पुढच्यांना झाला. १९७० नंतर जॉन मार्लिन यांनी तिथेच पुन्हा पाहणी केली. २००१ साली लाबर्ज यांच्यासह त्यांनी काढलेला निष्कर्ष होता की बऱ्याच माश्या टिकून आहेत. पुढे २००९-१० मध्ये बर्कल, मार्लिन आणि नाइट यांनी जंगलातल्या २६ वनस्पती तपासल्या. जुन्या १०९ जातींपैकी जवळजवळ निम्म्या सापडल्या नाहीत. फूल-माशीच्या ५३२ जोड्यांपैकी १२५ उरल्या होत्या. मार्लिन दोन्ही लेखांत आहेत, हे विशेष.

तीस वर्षांची यादी आणि दोन वर्षांची पाहणी यांची तुलना करताना 'सापडली नाही' म्हणजे 'नष्ट झाली' असे म्हणायला आम्ही कचरतो. एकाच फुलावर विसंबणाऱ्या माश्या अधिक गेल्या, असे लेखक म्हणतात. पण विरळ माशी नजरेतून सुटतेही लवकर. आम्हांला पटणारा पुरावा वेगळाच आहे. क्लेटोनियावर ठरावीक वेळात होणाऱ्या माश्यांच्या भेटी १९७१-७२ च्या मानाने बऱ्याच घटल्या होत्या. इथे घड्याळ लावलेले होते.

शाळेत अशी नोंदवही सुरू करायची असेल तर शेवगा फुलल्यावर अर्धा तास झाडाखाली थांबावे. भुंगा आला नाही, तर तारीख, वेळ घालून पुढे शून्य लिहावे.