‘ओक्जा’मधला दुभाषा

बाँग जून-हो यांच्या ‘ओक्जा’ (२०१७) या चित्रपटाची चर्चा बहुधा त्यातल्या मांस-कंपनीभोवती फिरते. आम्ही आज तुमचं लक्ष एका छोट्या प्रसंगाकडे वेधणार आहोत.

मिजा ही कोरियातल्या डोंगरात वाढलेली मुलगी. ओक्जा ही तिची लाडकी, महाकाय डुकरीण. ‘ॲनिमल लिबरेशन फ्रंट’चे कार्यकर्ते ओक्जाला कंपनीच्या तावडीतून सोडवतात. मग त्यांचा नेता मिजाला विचारतो, कॅमेरा लपवून हिला परत प्रयोगशाळेत जाऊ द्यायचं का? तिथले अत्याचार उघडे पडतील. तू नको म्हणालीस तर नको. मिजा म्हणते, मला हिला घेऊन डोंगरात परत जायचंय. दुभाषा इंग्रजीत सांगतो, ती तयार आहे!

प्रयोगशाळेत पुढे ओक्जाचे जे हाल होतात, ते या एका खोट्यामुळे. ते उघड झाल्यावर अहिंसेच्या गोष्टी करणारा नेता दुभाष्याला लाथांनी तुडवतो.

आम्हांला ही टीका फार नेमकी वाटते. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणं, ही या चळवळीची ताकद. धोकाही तिथेच. ही संघटना काही काल्पनिक नाही. ती १९७६ साली ब्रिटनमध्ये रॉनी ली आणि त्यांच्या साथीदारांनी उभी केली. माणसासकट कुठल्याही जिवाला इजा होऊ नये, हा तिचा लेखी नियम. पण चळवळीतल्या सगळ्यांनी तो पाळला नाही. २००४ साली स्टॅफर्डशरमध्ये, प्रयोगांसाठी गिनीपिग पाळणाऱ्या एका कुटुंबाला नमवायला, त्यांच्या नात्यातल्या वृद्धेचे अवशेष कबरीतून पळवले गेले. २००५ मध्ये त्यांनी ते काम थांबवायचं जाहीर केलं. मुक्या जनावरांसाठी कुणाला ओलीस धरलं? जिला आता ‘नको’ म्हणताच येत नव्हतं, तिला.

चित्रपट मात्र इथे ढिला पडतो. दुभाषा आपली चूक हातावर गोंदवून परत येतो, आपण हसतो, प्रकरण मिटतं. इतकं सोपं असतं का हो ते?

तरी कट्टरांचा प्रश्न चित्रपट झाकत नाही, हे कबूल करायला हवं. सोन्याचं डुक्कर मोजून मिजा ओक्जाला सोडवते. बाकीची डुकरं कुंपणामागेच राहतात. त्यांच्यासाठी काहीतरी करायलाच हवं, हे आम्हांलाही पटतं. फक्त, ‘ती तयार आहे’ असं कुणी सांगितलं, की तिला स्वतःला विचारलंत का, एवढं आपण विचारू या.