वाहनतळाचे प्रमाणक आणि विधीची भाषा

अपंगांच्या सुगम्यतेविषयीचे भारतीय विधी वाचताना प्रथम लक्ष द्यावे लागते ते क्रियापदाकडे. १९९५ च्या अधिनियमातील रस्ते, वाहने व इमारती यांसंबंधीची कलमे कर्तव्याच्या भाषेत लिहिलेली आहेत खरी. परंतु त्या कर्तव्याला आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेची पुस्ती जोडलेली आहे, आणि पुस्तीनेच मूळ वाक्य गिळून टाकले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४० मध्ये अशी पुस्ती नाही. केंद्र शासनाने सुगम्यतेची प्रमाणके नियमांद्वारे ठरवावीत, असे ते कलम निःसंदिग्धपणे सांगते. तथापि जून २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने प्रमाणकांच्या जागी मार्गदर्शक तत्त्वे बसविली. मूळ अधिनियमातील आज्ञा अशा रीतीने नियमात शिफारस झाली. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमका हाच विसंवाद दाखवून नियम १५(१) अवैध ठरविला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेश दिला. मधल्या काळात, जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी कलम ४५ ने दिलेली पाच वर्षांची मुदत उलटूनही गेली होती.

या विसंवादाचे मोल मीरा-भाईंदरसारख्या नगरात अधिक जाणवते. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद, २००२ मध्ये महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ लोकसंख्या, असा या नगराचा वाढीचा वेग आहे. म्हणजे नव्या बांधकामास परवानगी नाकारणारे कलम ४४ येथे पोहोचले तेव्हा नगराचा मोठा भाग बांधून झालेला होता.

राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे माप स्पष्ट आहे: प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत दोन मोटारींची जागा, रुंदी किमान ३.६ मीटर, आणि ती चाकाच्या खुर्चीच्या वापरकर्त्यांसाठी राखीव असल्याचा ठळक फलक. मापात दोष नाही. खुर्ची मोटारीलगत वळवावयाची तर एवढी रुंदी हवीच. दोष आहे तो गृहीतकात. मोटार बाळगणारा अपंग हाच येथे नमुना धरला आहे. बाजूस जादा चाके लावलेली स्कूटर चालविणारा किंवा रिक्षातून उतरणारा या वाक्यात कोठेच नाही. फलकाचेही तसेच. १९६८ मध्ये सुसान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटलेले खुर्चीचे चिन्ह जगन्मान्य झाले, पण अधिनियमाच्या अनुसूचीत अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. कुबड्यांवर चालणाऱ्याने त्या राखीव जागेत वाहन लावले, तर फलकाच्या शब्दांप्रमाणे तो उपराच ठरावा! (अंधांसाठी ध्वनिसंकेताची तरतूद त्याच नियमावलीत आहे, हे नमूद करणे न्याय्य होय.)

शिवाय ३० मीटरचे ते अंतर प्रवेशद्वारापासून मोजावयाचे, आणि नियमावलीची सत्ता भूखंडाच्या सीमेशी संपते. कलम ४१ मध्ये रस्त्यांचा उल्लेख आहे. परंतु भाईंदर वा मीरा रोड स्थानकातून बाहेर पडून पायी निघालेल्या माणसाचा मार्ग सुरू होतो तो त्या सीमेबाहेर.