न झालेलं भाषण

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६च्या आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केलं. मंडळ सवर्ण सुधारकांचं आणि जात मोडणं हाच त्याचा एकमेव उद्देश. बाबासाहेबांची फारशी इच्छा नव्हती, तरी त्यांनी होकार दिला आणि भाषण लिहून मुंबईत छापायला टाकलं. मजकूर पाहिल्यावर मंडळाची मंडळी बिचकली. धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावर घाव घालणारा भाग गाळा, असा आग्रह सुरू झाला. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं बाबासाहेबांनी कळवलं. परिषद बारगळली. मे महिन्यात त्यांनी पदरमोड करून दीड हजार प्रती काढल्या आणि न झालेलं भाषण वाचकांपुढे ठेवलं. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ते हेच.

यंदा आम्हा विद्यार्थ्यांच्या वाचनात नेतृत्व, लोकांचं मन वळवणं आणि समाजाची बांधणी या विषयांवरचे बरेच उतारे होते. त्यात अ‍ॅरिस्टॉटलही होता. श्रोत्यांचा वक्त्यावर आधी विश्वास बसला पाहिजे, हे त्याचं म्हणणं. ते डोक्यात ठेवून या भाषणाकडे वळलं की पहिल्याच पानांवर थबकायला होतं. बाबासाहेब श्रोत्यांना जवळ घेण्याचा जराही प्रयत्न करत नाहीत. हिंदू समाजाला आपण किती नकोसे आहोत, ते स्वतःच सांगतात. मला अध्यक्ष निवडून तुम्ही शास्त्राची आज्ञा मोडली आहे, असं बजावतात आणि पुरावा काढतात तो थेट दासबोधाचा: अंत्यज कितीही पंडित असला तरी त्याला गुरू करावं का, हा समर्थ रामदासांचा सवाल. श्रोत्यांनी नकळत काय केलं आहे, ते हा वक्ता त्यांच्याच परंपरेच्या शब्दांत त्यांना दाखवतो. माझ्या मते विश्वास इथेच बसतो, कारण जो माणूस स्वतःबद्दलची अप्रिय गोष्ट आधी मांडतो, तो पुढे काही लपवणार नाही.

पुढच्या भागाची रचना मला सर्वांत मोलाची वाटते. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, हा वाद तोलताना बाबासाहेब दाखले देतात. पहिला पेशवाईतल्या पुण्याचा: अस्पृश्यांच्या कमरेला झाडू, गळ्यात मडकं. तो ऐकून श्रोता म्हणू शकतो की हे जुनं झालं. पण मग येतात इंदूर भागातले अस्पृश्य बलाई आणि त्यांच्यावर लादलेले नियम, साल १९२८. मग अहमदाबाद जिल्ह्यातलं कविठा, जिथे सरकारी शाळेत मुलं पाठवू नका म्हणून अस्पृश्यांना धमकावलं गेलं. आणि शेवटी जयपूर संस्थानातलं चकवारा, भाषण लिहिलं जात असतानाच्या दिवसांतलं. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातभाईंना जेवण घातलं. पानात तूप होतं. पंगत चालू असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारून पळवून लावलं. गुन्हा एवढाच, की यजमानाने तूप वाढलं आणि पाहुण्यांनी ते खाल्लं. ऐपत होती, पैसा त्याचा होता, तरीही.

दाखले असे जवळ जवळ येत जातात आणि ‘ते पूर्वी होतं’ म्हणायला जागाच उरत नाही. लगेच प्रश्नांची माळ सुरू होते. आपल्याच देशबांधवांना सार्वजनिक शाळा वापरू न देणारे तुम्ही राजकीय सत्तेला लायक आहात का? वाक्याचा साचा तसाच ठेवून हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: विहिरीबद्दल, रस्त्याबद्दल, कपड्यालत्त्याबद्दल आणि सर्वांत शेवटी अन्नाबद्दल. शेवटच्या प्रश्नाला चकवाऱ्याचं नाव घ्यावंच लागत नाही. वकिली शिक्षण झालेल्या माणसाची ही उलटतपासणी आहे, पण ती वाचताना माझा गळा दाटून आला.

त्यानंतर कोणीही संतापाचा सूर चढवला असता. बाबासाहेब मात्र मधेच एक दार उघडतात. जात पाळणारा माणूस दुष्ट म्हणून जात पाळत नाही, ते सांगतात. तो मनापासून धार्मिक असतो आणि ज्या शास्त्रांनी त्याला हे शिकवलं त्यांच्याशी लढायला हवं. श्रोत्याला गुन्हेगार ठरवलं की तो कान बंद करतो. इथे त्याची सुटका होते आणि तरीही मागणी तिळमात्र कमी होत नाही. उलट ती वाढते, कारण आता सहभोजनाने भागत नाही. आंतरजातीय विवाह हवेत आणि ग्रंथांचं प्रामाण्य सोडायला हवं. मंडळाला खुपला तो नेमका हा ग्रंथांबद्दलचा भाग.

समाज म्हणजे काय, याचं बाबासाहेबांचं उत्तरही याच भाषणात आहे आणि त्यात कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन ड्यूई या गुरूंचा ठसा स्पष्ट दिसतो. शेजारी राहिलं किंवा सारख्या चालीरीती पाळल्या म्हणून समाज होत नाही. एका कामात सगळ्यांचा वाटा हवा, त्या कामाच्या यशात प्रत्येकाला आपलं यश दिसायला हवं. जात नेमकं हेच होऊ देत नाही. पुरोहितांसाठी परीक्षा, सरकारी सनद आणि ठरावीक संख्या सुचवणारा भाग मात्र मला उरलेल्या भाषणाइतका पकड घेणारा वाटत नाही. तिथे वक्ता मागे पडतो आणि कायदा लिहिणारा पुढे येतो.

महात्मा गांधींनी ‘हरिजन’मध्ये या भाषणावर टीका केली. १९३७ची दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी ती टीका पुस्तकातच छापली आणि मग आपलं उत्तर जोडलं. पहिल्या आवृत्तीत मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यांनी असाच वाचकाच्या हाती दिला होता. विरोधकाचा शब्द पुरा ऐकवूनच स्वतःचा शब्द टाकायचा, ही त्यांची रीत मला या सगळ्या वाचनात कुठेच इतक्या धीटपणे दिसली नाही. म्हणून कोणी पहिल्यांदा हे पुस्तक हाती घेणार असेल, तर सुरुवातीची ती पत्रं वगळू नयेत, असं मी आवर्जून सांगेन.