नकार वाक्याच्या शेवटी येतो

आमचे शेत परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला सगळे घर जमले असताना शेत बटईने द्यावे का, हा विषय निघाला. वडिलांना कंपवात होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. ते म्हणाले, "शेत बटईनं द्यायचं..." आणि थांबले. धाकटे काका लगेच म्हणाले, "झालं, दादा हो म्हणाले." विषय संपला, चहा आला. कप समोर आल्यावर वडिलांनी वाक्य पुरे केले, "नाही." मी ते ऐकले, पण मलाही वाटले की ते चहाला नको म्हणत आहेत.

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून. त्यामुळे शेवटच्या शब्दाआधी वाक्य तोडले, तर अर्थ नुसता अपुरा राहत नाही, उलटा होतो. कंपवाताच्या माणसाची वाक्ये आपण नेमकी तिथेच तोडतो. असे का होते, याचे एक उत्तर मला या आजाराच्या नावात सापडते.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने 1817 साली या आजारावर निबंध लिहिला. नाव दिले थरथरणाऱ्या लकव्याचे, आणि व्याख्येतच सांगितले की बुद्धी व संवेदना शाबूत राहतात. हा निबंध साहित्यकृतीसारखा वाचला, तर निवेदक कुठे उभा आहे हे महत्त्वाचे ठरते. त्याने वर्णिलेल्या सहा जणांपैकी काही त्याला केवळ रस्त्यात दिसलेले होते. रस्त्यावरून थरथर दिसते, चाल दिसते. अडलेले वाक्य ऐकू येत नाही. 'कंपवात' या आपल्या शब्दाची नजरही तशीच लांबची. काही रुग्णांना कंप नसतोच, तरी नाव कंपाचे. हात न थरथरणाऱ्याचा आजार मग घरात 'हट्टीपणा' किंवा 'विसरभोळेपणा' म्हणून खपतो.

आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. या आजारात तिन्हींची वाट अडू शकते, पण प्रत्येकीची वेगळ्या जागी.

अभिधेपासून पाहू. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2008 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. औषधाचा अंमल नसताना रुग्णांच्या मेंदूत नामे नेहमीसारखी जागी होत होती. हालचाल सांगणारी क्रियापदे मात्र जवळजवळ होत नव्हती. लेव्होडोपा दिल्यावर ती परत आली. मला आमचे घर आठवले. वखरणे, कोळपणे, खुडणे, उफणणे ही ज्यांची रोजची क्रियापदे, त्या वडिलांच्या बोलण्यात 'ते कर' एवढेच उरले होते. एका घरावरून सिद्धान्त मांडता येत नाही; पण ज्याची भाषा हातांनी घडली, त्याचे काय काय अडत असेल, हे मराठी क्रियापदे घेऊनही तपासायला हवे.

लक्षणेबद्दल मोनेटा आणि पेल यांचा 2007 सालचा अभ्यास महत्त्वाचा आहे. रूपके समजायला जड गेली ती सगळ्या रुग्णांना नव्हे; ऐकलेले मनात धरून ठेवण्याची ताकद ज्यांची कमी झाली होती, त्यांना. म्हणजे अर्थाचे कोठार रिकामे होत नाही, अर्थ पेलून धरणारा हात थकतो. 'त्यांना आता काही कळत नाही' हे वाचन म्हणून चूक आहे.

व्यंजनेची अडचण दुहेरी. समोरच्याचा उपरोध रुग्णाला निसटू शकतो. आणि त्याचा स्वतःचा चेहरा ताठर, आवाज बारीक व सपाट झालेला असल्याने त्याची थट्टाही आपल्याला हुकूम वाटते. पु. ल. देशपांडे यांनाही अखेरच्या वर्षांत हाच आजार होता. त्यांच्या कथाकथनातला विराम आपण जीव कानात आणून ऐकत असू, कारण पुढे काहीतरी येणार याची खात्री असे. रुग्णाच्या विरामाला आपण ती खात्री देत नाही. तो रिकामा समजून आपलाच शब्द त्यात भरतो आणि वर 'मौन म्हणजे संमती' म्हणतो.

कवितेत दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेवर पानेच्या पाने लिहिणारे आम्ही समीक्षक. घरातली कोरी जागा मला वाचता आली नाही. शेत दोन हंगाम बटईने गेले.

यंदा पोळ्यानंतर मी वडिलांना विचारले, "बाबा, रब्बीला काय करायचं?"

"ज्वारी पेरायची..." ते म्हणाले आणि थांबले. मीही थांबलो. बाहेर कोणीतरी बैल पाण्यावर नेले, परत आणले. 'नाही' आले नाही.

"मोती," ते म्हणाले. परभणी मोती हे आमच्याच कृषी विद्यापीठाचे वाण. ओठ हललेले दिसले नाहीत, पण ते हसले असावेत.