सात वर्षांची लिली

बागकामाच्या पुस्तकावर टीका करायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. वाघोलीत घर असलं की पुरे. परवा हाती आलेल्या पुस्तकात 'कार्डिओक्रिनम' या हिमालयातल्या महाकाय लिलीवर अख्खं प्रकरण आहे. उंची दहा-बारा फूट, फुलं कर्ण्यासारखी, पांढरीशुभ्र, सुवासिक. अट एवढीच : गार हवा, पालापाचोळ्याची ओलसर माती आणि झाडांची विरळ सावली. आता आमच्याकडे माती म्हणजे मुरूम, आणि सावली पडते ती समोरच्या सात मजल्यांची!

लेखकाची भाषा रसाळ आहे, फोटोही दृष्ट लागण्याजोगे. पण खरी गोम त्यानं शेवटच्या ओळीत दडवली : बी पेरल्यापासून फुलायला सातेक वर्षं, आणि एकदा फुलला की तो कांदा मरतो. म्हणजे मुदत संपली की व्याज मिळणार, मुद्दल बुडणार! बँकेत असल्या अटी निदान बारीक अक्षरांत तरी आधी छापतात.

मात्र मरताना तो बुडाशी लहान कांदे ठेवून जातो, हे वाचलं आणि मी जरा थांबलो. वडिलांनी लावलेल्या फणसाचा गरा त्यांच्या तोंडी पडला नाही, आम्ही खातो. लेखकानं प्रकरण इथूनच सुरू करायला हवं होतं.

सौ.ला हे ऐकवलं. ती म्हणाली, "आधी मुरूम तर खणा!"