मेहरांची बोट आणि ओडिसियसची शिफ्ट

झोया अख्तरचा 'दिल धडकने दो' (२०१५) जवळपास तीन तासांचा आहे. त्यातला बहुतेक वेळ आपण भूमध्य समुद्रावर असतो, पण समुद्र भेटतो तो थेट शेवटी. दिल्लीचे मेहरा लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला नातेवाईक, हितशत्रू आणि एक कुत्रा घेऊन क्रूझवर निघतात. डेक, बुफे, पार्ट्या, केबिनमधली भांडणं. ही बोट उचलून गुडगावच्या एखाद्या फार्महाऊसवर ठेवली तरी फारसे संवाद बदलावे लागणार नाहीत. मग कबीर फराहसाठी पाण्यात उडी टाकतो, घरचे लाईफबोटीतून त्याच्यामागे जातात, आणि हे कुटुंब पहिल्यांदा एका लहान बोटीत, एकमेकांच्या शेजारी दिसतं. सिनेमा तिथे संपतो. मला तो तिथून सुरू व्हायला हवा होता.

बंद जागेत माणसं कोंडायची हा झोयाचा डाव आहे आणि तो जमलेलाही आहे. माझी तक्रार तिच्याबद्दल कमी, आपण त्यातून काय उचललं याबद्दल जास्त.

वाकड-रावेत-मोशीच्या सोसायट्यांत, हिंजवडी आणि चाकणच्या नोकऱ्या करणाऱ्यांत आता बसमधली युरोप टूर जुनी व्हायला लागली आहे. नवी टूम अशी: सहा-आठ जणांनी मिळून शिडाची बोट आठवड्यासाठी भाड्याने घ्यायची आणि क्रोएशियाच्या किंवा ग्रीसच्या किनाऱ्याने बेटं करत फिरायचं. यात अशक्य काही नाही. चाळीसेक फुटांच्या बोटी तिथे शनिवार ते शनिवार मिळतात. परवाना असेल तर स्वतः चालवा, नसेल तर स्किपर घ्या. मग ग्रुपवर एक एक्सेल शीट येते. सोमवारी हे बेट, मंगळवारी ते, बुधवारी अमुक बीच. सूर्यास्तालाही एक रकाना असतो.

ही शीट म्हणजेही एक प्रवासवर्णनच आहे, फक्त प्रवासाआधी लिहिलेलं. त्यामुळे तिची समीक्षा करायला हरकत नसावी. तिच्या प्रत्येक वाक्याचा कर्ता 'आपण' असतो. आपण निघतो, पोहोचतो, पाहतो, खातो. वारा हा कर्ता कुठेच नसतो. मेहरांच्या बोटीला वाऱ्याची गरज नव्हती. खाली इंजिन होतं आणि ते चालवणारी माणसं कॅमेऱ्याच्या बाहेर होती. शिडाच्या बोटीत ती माणसं आपणच असतो. दिवसाला वीस-पंचवीस सागरी मैल हा सुखाचा पल्ला, म्हणजे ताशी पाच मैलांनी चार-पाच तास. पण तोही वाऱ्याला मान्य असेल तर.

या शीटला उतारा म्हणून वाचावं असं एक पुस्तक आहे: रॉड हायकेल यांचं 'ग्रीक वॉटर्स पायलट'. १९८२ साली पहिल्यांदा आलं आणि तेव्हापासून नवनव्या आवृत्त्या निघताहेत. याला कुणी साहित्य म्हणत नाही. प्रत्येक बंदराचा छोटा नकाशा आणि खाली ठरलेली कलमं: आत कसं शिरायचं, कुठे बांधायचं, कोणत्या दिशेच्या वाऱ्यात आडोसा मिळेल आणि कोणत्या वाऱ्यात मिळणार नाही, पाणी-डिझेल कुठे. गावाचं वर्णन शेवटी, चार-दोन ओळींत. प्रवासवर्णनकार जिथून सुरुवात करतो तिथे हे पुस्तक शेवटी पोहोचतं, आणि तोवर त्या गावाबद्दल आपल्याला खरी ओढ लागलेली असते. कारण तिथे पोहोचायला काय लागतं ते आपल्याला कळलेलं असतं.

आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हा लेखनप्रकार परका वाटायचं कारण नाही. चाकणच्या कुठल्याही व्हेंडर कंपनीत क्वालिटीला बसलेल्या मुलाला विचारा, एफएमईए म्हणजे काय. पार्ट बनायच्या आधी टेबल मांडायचं: काय बिघडू शकतं, किती वाईट बिघडेल, बिघडतंय हे वेळेत कळेल का. तोच मुलगा सुट्टीचा प्लॅन करताना हे सगळं ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवून येतो. सुट्टीत कशाला कामाचं डोकं, हे मलाही पटतं. फक्त मग हॉटेल घ्यावं, बोट घेऊ नये.

ऑगस्टचंच उदाहरण घ्या. रीलमध्ये एजियन समुद्र निळाशार, आकाश कोरं, पांढरी घरं. त्या दिवसांत तिथे उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. कधीकधी दिवसेंदिवस, आणि ब्यूफोर्ट मापावर सात-आठच्या जोरानेही. पाऊस नाही, ढग नाही, म्हणून फोटोत तो दिसतच नाही. शीटमधल्या मंगळवारच्या बेटावर शुक्रवारपर्यंत अडकून पडायची वेळ त्याच्यामुळे येते. या वाऱ्याचं आपल्याशी नातंही आहे. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याची एक शेपटी पश्चिमेला तुर्कस्तानपर्यंत पोहोचते. बाल्कनकडच्या जास्त दाबाकडून हवा तिकडे ओढली जाते, तो मेल्टेमी. म्हणजे लोणावळ्याला धबाधबा कोसळत असतं तेव्हा त्याच यंत्राचा दुसरा पट्टा ग्रीसमध्ये फिरत असतो. ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्र त्या मानाने सौम्य. नवख्यांना तिकडे पाठवतात ते याच कारणाने. क्रोएशियात पुन्हा वेगळी मंडळी: दुपारचा भरवशाचा माएस्त्राल, दक्षिणेकडून लाटा घेऊन येणारा युगो, आणि डोंगरावरून अचानक कोसळणारा बोरा. नावं वाचतानाच एखाद्या कादंबरीतली पात्रं वाटतात. रीलमध्ये यांतलं एकही पात्र नाही.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्लॅनची पहिली थोर समीक्षा होमरने करून ठेवली आहे. 'ओडिसी'च्या दहाव्या सर्गात इओलस ओडिसियसला सगळे उलटे वारे एका पिशवीत बांधून देतो आणि एकच सोयीचा वारा मोकळा ठेवतो. नऊ दिवस-रात्र बोट चालते. दहाव्या दिवशी इथाका दिसायला लागते, किनाऱ्यावरच्या शेकोट्याही दिसतात, आणि ओडिसियसला झोप लागते. का? कारण नऊ दिवस त्याने दोर दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेलाच नसतो. सोबत्यांना वाटतं पिशवीत सोनं-चांदी आहे, साहेब एकटेच खाणार. ते पिशवी उघडतात, वारे सुटतात, बोट पुन्हा होती तिथे. शाळकरी सारांशात हा प्रसंग लोभाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. तीन शिफ्टच्या गावात राहणारा माणूस तो वेगळा वाचेल: शिफ्ट लावली नाही, आणि पिशवीत काय आहे ते टीमला सांगितलं नाही. आठ मित्रांच्या बोटीवरही नेमकं हेच होतं. एकाला थोडंफार येत असतं, तोच सगळं करतो, बाकीचे पाहुणे होतात, आणि चौथ्या दिवशी भांडण.

मराठीत हे सगळं कुठे आहे? आपल्याकडे समुद्र आहे, पण तो बहुतेक वेळा काठावरून पाहिलेला. सावरकरांची 'सागरास' ब्रायटनच्या किनाऱ्यावरची. तिथे समुद्र ज्याच्याशी भांडावं असा कुणीतरी आहे. भूमध्य समुद्राशी मराठी मनाचं ठळक नातंही त्यांच्याचमुळे, ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसला मारलेल्या उडीचं. मिलिंद बोकील यांच्या 'समुद्र'मध्ये नवरा-बायको समुद्रकाठी जातात ते एकमेकांना तपासायला. मीना प्रभूंनी 'ग्रीकांजली', 'तुर्कनामा', 'रोमराज्य' लिहून मराठी वाचकाला टूर कंपनीच्या बाहेर काढलं, हे त्यांचं मोठं ऋण. तरी त्यांचं बळ जमिनीवरचं: माणसं, अवशेष, इतिहास. पाण्यावर काम करणाऱ्या माणसाच्या नजरेतून लिहिलेलं लेखन मराठीत शोधावं लागतं.

हे जास्त टोचतं, कारण काम आपल्याकडे झालेलं आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, जगात पहिल्यांदाच. त्यांची 'सुहेली' मुंबईत, सागवानात बांधलेली. दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये 'म्हादेई'वरून शिडाने एकट्याने परिक्रमा केली, चार थांबे घेऊन. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांचं 'द फर्स्ट इंडियन' इंग्रजीत आहे. भाषा निबंधकाराची नाही, अधिकाऱ्याची. एकांतात मनाचं काय होतं हे जाणून घ्यायला आलेल्याची निराशा होईल. पण पुस्तकाचा मोठा भाग परिक्रमेच्या आधीचा आहे, आणि मला तोच आवडला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींच्या डोक्यातली कल्पना, २००६ मध्ये दोंदे यांनी उचललेला हात, गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बोट बांधणं. तशी बोट देशात आधी कुणी बांधली नव्हती. कागद, सुटे भाग, परवानग्या, अंदाज चुकणं, पुन्हा करणं. भोसरीत छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला ही पानं आपलीच वाटतील.

आणि शब्द? शीड, डोलकाठी, नाळ, सुकाणू, तांडेल. शीड ज्याला बांधतात ती आडवी काठी, परबाण. हे शब्द कोळी आणि गाबित माणसांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पुण्या-मुंबईच्या छापील मराठीने ते म्हणींत आणि राजकीय अग्रलेखांत वापरले, पाण्यावर क्वचितच. सुकाणू म्हटलं की आपल्याला समिती आठवते! म्हणून बोटीचा प्लॅन करताना आपला मुलगा 'बो', 'स्टर्न', 'मास्ट' म्हणतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांना हे शब्द येतात त्यांना आपण मासळीचा भाव सोडून फार काही विचारलेलं नाही.

विचारलं असतं तर कामाच्या गोष्टी कळल्या असत्या. भूमध्य समुद्रात बोट बांधायची ठरावीक तऱ्हा आहे: थोडं लांब नांगर टाकायचा, मग उलट मागे येत पिछाडी धक्क्याला लावायची आणि दोन दोर बांधायचे. बंदरात आलेल्या नवख्यांची फजिती बघायला कॅफेत लोक बसलेले असतात. ही तऱ्हा तिथे चालते, कारण तिथली भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी वीतभर-हातभर. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी पाचेक मीटरपर्यंत चढतं. तिथे असे घट्ट दोर बांधून जेवायला गेलात तर ओहोटीला बोट दोरांना लटकलेली सापडेल. रेवस किंवा हर्णैच्या धक्क्यावरचा तांडेल हा फरक दोन वाक्यांत सांगेल.

सध्या भाड्याच्या बोटींचे दर लावून झालेत, शेंगेन व्हिसाच्या तारखा बघणं चालू आहे, कंपनीचं शटडाऊन ऑगस्टमध्ये आहे म्हणून बोटही ऑगस्टची. शीटच्या उजव्या टोकाला अजून दोन रकान्यांची जागा आहे: वारा फिरला तर कुठे थांबायचं, आणि त्या दिवशी दोर कुणाच्या हातात.